जरी सूचना दिलेली होती

"एका हाताने वेणी घालून दाखवा म्हणावं, मग सांगा मला विश्रांती घे म्हणून," धाकटी आरशाशी पुटपुटत होती.

तिला वाटत होतं, ऐकायला कुणी नाही. मी तिच्या मागेच, वीतभर अंतरावर, पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. आमची खोलीच तेवढी. एकीने सुस्कारा टाकला की दुसरीचे केस हलतात.

"आण इकडं तो कंगवा," मी म्हटलं.

"नको. जमेल मला."

"जमतंय ते दिसतंयच. वेणी आहे की सुंभ?"

तिने कंगवा माझ्या मांडीवर जवळजवळ फेकलाच आणि पाठ करून बसली. तिचा उजवा हात मांडीवरच्या उशीवर होता, बँडेजमध्ये गुंडाळलेला, एखादा पाहुणा येऊन बसावा आणि उठायचं नाव घेऊ नये तसा. सतरा दिवस झाले होते. मधली दोन बोटं गेली होती. तिसरं होतं, पण वाकत नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या घरातली चार माणसं एकाच लॉन्ड्रीत कामाला. कोपऱ्यावरची लहान लॉन्ड्री नव्हे; हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून येतात, तो कारखाना. माझे यजमान तिथं मेकॅनिक. दीर गाडी चालवतो, मळकं आणतो आणि धुतलेलं पोचवतो. धाकटी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. मी मागच्या खोलीत रफूला. घरी राहिल्या फक्त सासूबाई, आणि त्या आम्हा चौघांवर सुपरवायझर.

वेणीचा तिसरा पेड घेत होते तेवढ्यात दीर आला. त्याच्या हातात लांबट पाकीट होतं.

"ऑफिसातनं दिलंय," तो म्हणाला. "सोमवारी अकराला हिने यायचं, वाचून सही करायची. दादाचीही सही हवीय, साक्षीदार म्हणून. वहिनी, तुम्ही बघा बरं. इंग्रजीत आहे."

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी शाळेत सातवीपर्यंत गेले. पुढचं इंग्रजी मी चादरींवर शिकले. चादरीच्या कडेला शिवलेली लेबलं, गरम पाण्यात टाकू नका, पिळू नका. मग सासरी गेलेल्या माझ्या मुलीची जुनी व्याकरणाची पुस्तकं. मग एक डिक्शनरी, जिची शेवटची पानं कुणी तरी फाडून नेली आहेत, त्यामुळे डब्ल्यूच्या पुढचं जग मला नीटसं ठाऊक नाही. पण या कागदाला तेवढ्या लांब जायची गरजच नव्हती. पहिलाच शब्द ए अक्षराचा होता. ऑलदो.

मी वाचलं. परत वाचलं. धाकटीची अर्धी वेणी माझ्या हातातून सुटली.

"काय लिहिलंय ताई?"

"थांब."

"ताई, हात माझा आहे."

मग मी तिला मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द लावून. "जरी या कामगार बाईला यंत्राच्या धोक्याबद्दल वेळोवेळी सूचना दिलेली होती, आणि जरी त्या दिवशी जाळी जागेवर असल्याची तिने स्वतः सही केलेली होती, तरी तिने हलगर्जीपणाने हात रोलरमध्ये घातला."

"घातला?" धाकटी म्हणाली. "मी घातला? हौसेनं?"

"असं लिहिलंय."

"म्हणजे काय धरायचं?"

"म्हणजे दोष तुझा. यावर सही केलीस की तुला कामावरून काढतील, नियम मोडला म्हणून. आणि मग दुसऱ्या कुठल्या लॉन्ड्रीत विचारलंच, तर हाच कागद दाखवतील."

दीर दाराला टेकून उभा होता. त्याने चपलेच्या टोकाने फरशीवरची फट कोरायला सुरुवात केली. मी वेणी परत पहिल्यापासून घातली, आणि इतकी घट्ट घातली की धाकटीचे डोळे ताणले गेले. राग कुठं तरी काढायलाच हवा होता, आणि तो माझ्या हाताशी असलेल्या तिच्या केसांवर निघाला. तीही बिचारी ओरडली नाही.

त्या शब्दाबद्दल सांगते. 'बट' हा शब्द मला चालतो. तो भांडखोर आहे, पण तोंडावर बोलतो. आधी तुमचं होऊ देतो, मग म्हणतो, पण. ऑलदो तसा नाही. तो आधीच दारात येऊन उभा राहतो. या, बसा, पाणी घ्या म्हणतो, आणि तुम्ही पाणी पिईपर्यंत तुमचे जोडे उचलून रस्त्यावर टाकतो. आपल्याकडे 'जरी' आला की मागून 'तरी' येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. ऐकणारा सावध बसतो. हा मात्र एकटाच येतो. एवढासा शब्द, आणि धाकटीचा अख्खा हात त्याच्या मागे झाकला गेला.

आणि वापर म्हणाल तर मला तो डिक्शनरीत शोधायची गरज पडली नव्हती. आमच्या सासूबाईंनी माझ्या लग्नानंतर महिन्याभरात, माझ्या आईसमोर, चहाचा कप हातात असताना म्हटलं होतं, "जरी हिला घरातलं काही येत नसलं, तरी मनाने वाईट नाही हो." आईला पुढे अनेक वर्षं फक्त पहिला भाग आठवायचा. तेव्हाच मला कळलं की या शब्दात माणूस जे आधी ठेवतो, ते खरं त्याला टोचायचं असतं.

आता जाळीचं. रोलर म्हणजे माणसाच्या उंचीचा, आडवा फिरणारा तापलेला पोलादी दंडगोल. दोन बायका दोन टोकांनी चादर धरून त्याच्या तोंडात देतात. त्या तोंडासमोर लोखंडी जाळी असते. हात पुढे गेला की जाळीला लागतो, आणि जाळी हलली की रोलर जागच्या जागी थांबतो. साध्या चादरींना ती आड येत नाही. पण जाड पलंगपोस आले की त्यांच्या कडा जाळीत अडकतात, रोलर घडोघडी थांबतो, आणि वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातून ओरडा सुरू होतो. आमच्या साहेबांचं नाव आम्ही बायकांनी लवकरसाहेब ठेवलं होतं. सकाळी 'नमस्कार' म्हटलं तरी उत्तर 'लवकर, लवकर'. तर जाड माल आला की लवकरसाहेब मेकॅनिकला बोलवायचे आणि भुवईने खूण करायचे. तोंडाने कधीच नाही. मेकॅनिक चार बोल्ट काढून जाळी भिंतीला टेकवून ठेवायचा. संध्याकाळी परत बसवायचा.

मेकॅनिक म्हणजे माझे यजमान.

हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दिराला माहीत होतं, धाकटीला माहीत होतं. ती तर दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. सासूबाईंना कसं कळलं देव जाणे, पण माहीत होतं. मला दोन वर्षांपासून माहीत होतं. आणि सतरा दिवसांत एकानेही ते तोंडातून काढलं नव्हतं. मी आज इथं लिहितेय. तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. धाकटी डाव्या हाताने जेवत होती. चमचा तोंडाशी नेताना हात थरथरायचा आणि ती त्याच्याकडे असं बघायची, जसं नवीन मोलकरणीकडे बघावं. मी कागद मोठ्याने वाचून दाखवला.

"सही करणार नाही ती," मी म्हटलं. "मी बोलणार आहे. हा शब्दच काढायला लावते. जरी म्हणे! सूचना दिली म्हणे! कधी दिली? कुणी दिली? कोणत्या भाषेत?"

"एवढ्या मोठ्याने नको," सासूबाई म्हणाल्या. "भिंती पातळ आहेत."

"ऐकू दे."

"अगं, चार पोटं आहेत त्या एका कारखान्यावर. आपण आपलं शहाणपणाने घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकटीने चमचा खाली ठेवला. "माझी मूठच वळत नाही सासूबाई," ती म्हणाली. "झाकू कशी?"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. त्या खरंच रडत होत्या की तिखट लागलं होतं ते मला समजलं नाही. त्यांचा धाकटीवर जीव कमी होता असं नाही. दवाखान्यात पहिल्या रात्री त्याच बसल्या होत्या, खुर्चीवर, पाय वर न घेता. पण थोरला मुलगाही त्यांचाच होता.

माझे यजमान ताटात बघून जेवत होते. ते तसे मुळातच कमी बोलणारे. सतरा दिवसांत ते आणखी आत गेले होते, दोन किलो उतरले होते, आणि घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू त्यांनी दुरुस्त करून टाकली होती. दाराची कडी. इस्त्रीची वायर. धाकटीला डाव्या हाताने उघडता यावा म्हणून नळाला लांब दांडीचं हँडल. ते हँडल त्यांनी बसवलं तेव्हा धाकटीने "थँक्यू दादा" म्हटलं होतं, आणि ते पाठ वळवून बाहेर निघून गेले होते.

रविवारी सकाळी मी त्यांना गॅलरीत गाठलं. ते पंख्याचं झाकण पुसत होते.

"उद्या तुम्हीही तिथं असणार," मी म्हटलं.

"हं."

"साक्षीदार म्हणून सही करायचीय तुम्हाला. कशाचे साक्षीदार?"

त्यांनी झाकण उजेडात धरून पाहिलं.

"काही बोलणार आहात की नाही?"

"तू तो शब्द बघ ना," ते म्हणाले. "तुला जमतं ते. तेवढा शब्द गेला की झालं."

मला त्या क्षणी त्यांच्या हातातलं झाकण घेऊन त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी, हे लिहायला लाज वाटते, मला बरंही वाटलं. त्यांनी मला काम दिलं होतं. शब्दाशी भांडायचं काम. ते मला येत होतं. नवऱ्याशी भांडले असते तर कदाचित सगळं घर कोसळलं असतं. शब्दाशी भांडून काय कोसळणार? मी आत गेले, डिक्शनरी काढली आणि दिवसभर त्या ऑलदोला झोडपत बसले. त्याच्या जागी 'अँड' घातला तर काय, 'बट' घातला तर काय, वाक्यच दोन तुकड्यांत तोडलं तर काय. वहीची चार पानं भरली. धाकटी शेजारी बसून बघत होती.

"किती चिडलाय ताई तुम्ही," ती एकदा म्हणाली.

"चिडू नको तर काय करू?"

"नाही, चिडा," ती म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.

सोमवारी सकाळी सातला आम्ही कामावर पोचलो. धाकटी अकराला येणार होती, दिराच्या गाडीतून. गेटच्या आतल्या बोळात खिळ्याला सह्यांचे कागदी तक्ते लावलेले असतात. प्रत्येकाने रोज काम सुरू करायच्या आधी आपल्या नावासमोर सही करायची: माझ्या यंत्राचं संरक्षण जागेवर आहे. रोलरला जाळी, मला शिलाई मशीनच्या सुईपुढची पट्टी. पण रोज तिथं थांबायला वेळ कुणाला? मागे रांग, पुढे घड्याळ, डोक्यावर लवकरसाहेब. त्यामुळे आम्ही सगळे सोमवारीच सहा दिवसांच्या सह्या करून मोकळे व्हायचो. सोमवार ते शनिवार, सहा चौकोन, सहा सह्या, पेन पुढच्याच्या हातात. बायका तर एकमेकींना ओरडायच्या, "अगं, आठवडा उरकलास का?"

त्या सोमवारीही मी उरकला. सहा सह्या केल्या. पेन मागच्या बाईला दिलं, दोन पावलं पुढं गेले, आणि थबकले.

धाकटीचा हात बुधवारी गेला होता.

मी परत फिरले. "सरक गं जरा," म्हणत भिंतीशी घुसले आणि खिळ्यावरचे जुने तक्ते उलटले. गेल्या आठवड्याचा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. सापडला. धाकटीचं नाव, आणि पुढे तिची गोल गोल सही, सहा वेळा. गुरुवारीही. शुक्रवारीही. शनिवारीही. जाळी जागेवर आहे. गुरुवारी ती ऑपरेशनच्या टेबलावर होती.

मी तो तक्ता खिळ्यावरून ओढून काढला. मागच्या बाईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, फाटलाय, रफू करायचाय." आणि तो ब्लाउजच्या आत सारला. अकरा वाजेपर्यंत मी एकही टाका सरळ घातला नसेल. मला, खोटं कशाला बोलू, मजा येत होती. राग असा हातात धरायला मिळाला की त्याची नशा चढते.

ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. एका भिंतीला मोठी काच, काचेतून खालचं सगळं दिसतं, रोलरसुद्धा. टेबलाच्या पलीकडे हेड ऑफिसहून आलेली बाई बसली होती, नीटनेटकी, समोर फाइल. तिच्या बाजूला लवकरसाहेब, घड्याळाशी चाळा करत. अलीकडे तीन खुर्च्या. यजमान एका टोकाला, मधे मी, काचेच्या बाजूला धाकटी.

"तुम्ही यांच्या कोण?" बाईने मला विचारलं.

"जाऊ. इंग्रजी मी वाचते म्हणून आले."

"अरे वा. कुठं शिकलात?"

"इथंच. रफूच्या खोलीत."

बाई हसली. हसणं वाईट नव्हतं, पण त्यात 'जरी' होता. जरी रफूवाली असली तरी. मला तो लगेच ऐकू आला.

"मग वाचलंत ना सगळं? काही शंका?"

"पहिल्याच शब्दाची शंका आहे," मी म्हटलं. "या ऑलदोची. सूचना वेळोवेळी दिली असं लिहिलंय. वेळोवेळी म्हणजे कधी? तारीख सांगा."

बाईने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "अहो, सांगतोच की आम्ही. रोज सांगतो."

"रोज तुम्ही 'लवकर' सांगता," मी म्हटलं. "ती सूचना धरायची का?"

"हे बघा, विषय भरकटवू नका. सहीचं बोला. जाळी जागेवर आहे म्हणून हिचीच सही आहे त्या दिवसाची."

"आहे ना. मीही तेच म्हणते." मी तक्ता काढला. तो घामाने जरा ओलसर झाला होता. टेबलावर ठेवून मी तो तळहाताने सारखा केला. "ही बुधवारची. हिच्या जोरावर तुम्ही हलगर्जीपणा लिहिलाय. आणि ही गुरुवारची. ही शुक्रवारची. बाई, तुम्हीच सांगा, बोटं कापलेली बाई दवाखान्यातून उठून इथं सही करायला आली होती का?"

बाईने तक्ता ओढून घेतला. बराच वेळ बघितला. तिच्या गालावर दोन लाल ठिपके उमटले.

"हे काय आहे?" ती साहेबांना म्हणाली, अगदी हळू आवाजात.

"या बायका एकदमच करतात हो सह्या. किती वेळा सांगितलं..."

"आणि तुम्ही त्या तपासून खाली तुमची सही करता. सहा दिवसांची. तीही एकदमच दिसतेय."

लवकरसाहेबांना पहिल्यांदाच कसली घाई नव्हती. मी खुर्चीत ताठ बसले होते. माझ्या बाजूला यजमानांचा श्वास ऐकू येत होता.

बाई हुशार होती. तिने फाइल मिटली, परत उघडली, पेनचं टोपण काढलं. "हे वाक्य मी रद्द करते," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. ते तसं लिहायला नको होतं." आणि तिने ऑलदोपासून शेवटच्या टिंबापर्यंत एक सरळ रेघ मारली. मग खाली दुसरं लिहिलं, आणि कागद माझ्याकडे फिरवला.

मी वाचलं आणि धाकटीला सांगितलं, "काम चालू असताना यंत्राची जाळी सैल होऊन निसटली व अपघात झाला. यात कोणाचाही दोष नाही."

"बाईंना आपण हलकं काम देऊ," हेड ऑफिसची बाई म्हणाली. "लेबलं लावायचं. एका हाताने होईल असं. नोकरी जाणार नाही. हा तक्ता मी ठेवून घेते. चालेल ना सगळ्यांना?"

चालेल ना! मला तर तिथं उभं राहून नाचावंसं वाटत होतं. जरी गेला होता. हलगर्जीपणा गेला होता. एका रफूवालीने हेड ऑफिसच्या कागदावर रेघ मारायला लावली होती. साहेबांनी कपाळ पुसलं. यजमानांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि साक्षीदाराच्या रेघेवर सही केली, इतक्या पटकन की मला त्यांच्या हाताची फक्त हालचाल दिसली. मग त्यांनी एकोणीस दिवसांत प्रथमच पाठ खुर्चीला टेकली.

"कर गं," मी धाकटीला म्हटलं. "डाव्या हाताने कशीही वेडीवाकडी कर. चालते."

तिने पेन घेतलं नाही. ती काचेतून खाली बघत होती.

मीही पाहिलं. रोलर चालू होता. सोमवार म्हणजे हॉटेलांचा जाड माल. उंच बाई, जी त्या दिवशी धाकटीच्या समोरच्या टोकाला होती आणि जिने रोलर थांबवायचं लाल बटण दाबलं होतं, ती आज धाकटीच्या जागेवर होती. समोर दुसरी कुणी. दोघी पलंगपोस धरून रोलरच्या तोंडात देत होत्या, वाफेत त्यांचे हात कोपरापर्यंत दिसत होते आणि पुढे दिसत नव्हते. रोलर एकदाही थांबत नव्हता.

जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"ताई," धाकटी म्हणाली, "तो शब्द गेला का?"

"गेला. बघ ना, रेघ मारली."

"चार दिवस त्याला शिव्या घालत होता तुम्ही."

"दोनच," मी म्हटलं. हसायचा प्रयत्न केला.

"मी आपली बघत होते. मला वाटलं, चिडून चिडून ताई शेवटी खऱ्या गोष्टीपाशी येतील. आज येतील, उद्या येतील." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी इतका शांत कधी बघितला नव्हता, आणि इतका संतापलेलाही. "सासूबाई आल्या नाहीत, समजू शकते. हे घरात तोंड मिटून बसलेत, माझा स्वतःचा नवरा, तेही गिळलं. तुम्ही आला असता तर बरं झालं असतं."

"धाकटे, नंतर बोलू. घरी."

"घरी कुठं बोलतो आपण?"

हेड ऑफिसची बाई पेन हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काही राहिलंय का?" तिने विचारलं.

"काही नाही," लवकरसाहेब म्हणाले. "सही करा, लवकर."

धाकटी उभी राहिली. बँडेजचा हात तिने टेबलावर ठेवला, त्या नव्या वाक्यावर, पेपरवेट ठेवावा तसा. यजमानांनी मान खाली घातली. मला माहीत होतं ती काय बोलणार आहे, आणि मी तिला थांबवायला हात पुढे केला. हे मी लपवणार नाही. हात केला.

"जाळी सैल झाली नव्हती," धाकटी म्हणाली. "निसटलीही नाही. साहेबांनी खूण केली आणि जाळी आमच्या दादांनी काढली. त्या बुधवारी काढली, आज सकाळी पण काढली, आणि इथं बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे."